आहे का?

पहाटे पावणेपाचला फोन.
"वाघचौरे मॅडम, काटा वजन दाखवतोय, बिल निघत नाही.
सहाला लिलाव. या."
पोपटशेठ ओस्तवाल तीन वाक्यांत चारदा चिडतात.

गुलटेकडीचा चढ. यार्डाच्या फाटकाआधीच
कांद्याचा वास समोर येऊन उभा.
गाळ्यात दोन कॉम्प्युटर, एक काटा, एक प्रिंटर
आणि वर कोनाड्यात राऊटर,
दसऱ्याच्या झेंडूची वाळकी माळ अजून अँटेनाला.

भोसरीच्या आयटीआयत शेख सर सांगायचे,
बिघाड झाला की आधी जगाला बोल लावू नये.
पहिली हाक स्वतःला.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक:
मी आहे का?
आहे.
मग शेजाऱ्याला, मग उंबरठ्याला,
पलीकडचं सगळं त्यानंतर.

मी आहे. उंबरठा आहे.
काट्याला चार हाका मारल्या.
चारही वेळा पडद्यावर एकच ओळ:
वाट पाहिली, कोणी आलं नाही.

लिंबाजी खिलारे पाठीवरची गोणी थप्पीला लावून
टॉवेलने मान पुसत उभे राहिले.
"या वायरीतून जातं तरी काय?"

समजा मामा, मंचरहून शंभर गोण्या निघाल्या.
सगळ्या एका गाडीत नाहीत,
काही चाकणवरून, काही आळंदीकडून, जशी वाट मोकळी.
प्रत्येकीवर गाळ्याचा नंबर, आणि ती कितवी ते.
सत्तरावी आधी येईल, तिसरी मागून.
थप्पी मात्र इथे क्रमानेच लागणार.

"आणि एक्केचाळीसावी आलीच नाही तर
मंचरला निरोप धाडायचा, तेवढी पुन्हा पाठव."
हे तेच म्हणाले. मी अजून तिथवर पोचले नव्हते.

"नाक्यावरचे उघडून बघतात का?"
त्यांचं काम फक्त पत्ता वाचून पुढचा नाका दाखवायचं.
"असं म्हणतात खरं," लिंबाजी म्हणाले,
आणि तंबाखू मळू लागले.

"एवढे नंबर ध्यानात कोण ठेवतं?"
कोणीच नाही. जिलब्या मारुती म्हटलं की
रिक्षा बरोबर पोचते ना, घर नंबर कोण विचारतो?
नावापुढे नंबर लिहिलेल्या वह्या असतात कुठे कुठे,
यंत्रं त्यांना विचारत विचारत जातात.

बोलता बोलता माझी बोटं वायरवरून चाललेली.
भिंत, खिळा, कॅलेंडरमागून खाली,
थप्पीच्या पाठी, अंधारात,
आणि तिथे ओलसर, खरखरीत काहीतरी.
घूस.
आठांतल्या पाच तारा तोडून गेलेली,
तीन उगाच ठेवलेल्या.

कापली. सोलली. पीळ सोडवला.
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
हिरव्याच्या जोडीत हे निळे का घुसले,
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
सर म्हणाले, ती मधली जागा जुन्या टेलिफोनची.
म्हातारा घरात नसला तरी
त्याच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, तसं.

पकड दाबली. कट्ट.

पुन्हा हाक.
उत्तर. एक मिलिसेकंद.
उत्तर. एक मिलिसेकंद.
उत्तर.

लिंबाजी वाकून बघत होते.
"तिकडून काय म्हणतो?"
काही नाही मामा. आहे म्हणतो.
"बस, एवढंच?"
एवढंच.
"मी पण पोराला तेवढ्यासाठीच फोन लावतो.
तो विचारतो, काम काय?"

प्रिंटर खरखरला. बावन्न किलो चारशे ग्रॅम.
बाहेर लिलावाची पहिली बोली ओरडली गेली,
लिंबाजी पुढच्या गोणीखाली गेले.
पोपटशेठनी माझं बिल दोनदा वाचलं,
वरचे वीस रुपये कापले.

दुपारी घरी धुणं भिजवताना
खिशातून निघाले तारांचे बोटभर तुकडे,
बादलीत तरंगले, नारिंगी, हिरवे.
निळा एक राहिला होता शिवणीत अडकून.
काढला. फोन उचलला.
धाकटीचा नंबर पाठ आहे,
लावला.